शाळेच्या वाटेवरची घरे

जपानमधल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत काही घरांच्या फाटकावर, दुकानांच्या काचेवर किंवा कुंपणाच्या जाळीवर एक पाटी दिसते. तिचा रंग आणि तिच्यावरचे चित्र ठिकठिकाणी वेगळे असते, मजकूर मात्र बहुधा एकच: ‘कोदोमो ह्याकुतोबान नो इए’, म्हणजे मुलांचे ११० क्रमांकाचे घर. ११० हा जपानी पोलिसांचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक. तो १९४८ मध्ये मोठ्या शहरांत सुरू झाला आणि १९५४ मध्ये देशभर एकच झाला. वाटेत कोणी पाठलाग करत असेल, गाडीत बस म्हणून गळ घालत असेल किंवा हात धरून ओढत असेल, तर मुलाने अशी पाटी असलेल्या घरात शिरायचे आणि घरातल्या मोठ्या माणसाने पोलिसांना फोन करायचा, एवढीच ही योजना. घरमालकाला ना पगार, ना गणवेश, ना कसला अधिकार. या योजनेच्या हकिगती सहसा गुन्ह्यांच्या तारखांवरून सांगितल्या जातात आणि त्या तारखा टाळताही येत नाहीत. पण तिची भरभराट आणि तिची ओहोटी या दोन्हींचा उलगडा होतो तो एका साध्या प्रश्नाने: दुपारी तीन वाजता घरी कोण असते?

हा प्रश्न जपानमध्ये इतका महत्त्वाचा ठरण्याचे कारण तिथली शाळेत जाण्याची रीत. सरकारी प्राथमिक शाळेत मूल सहाव्या वर्षी जाऊ लागते आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्गापासून चालत जाते. शाळा घरापासून साधारण चार किलोमीटरच्या आत असावी असा निकष आहे. कोणत्या रस्त्याने यायचे ते ठरलेले असते. सकाळी अनेक ठिकाणी गल्लीतली मुले मोठ्या मुलाच्या मागे रांगेने निघतात. परतीची गोष्ट निराळी. वर्ग वेगवेगळ्या वेळी सुटतात, घोळका चौकाचौकात विरत जातो, आणि शेवटचे काहीशे मीटर मूल बहुधा एकटेच असते. पाठीवर चौकोनी दप्तर घेतलेले एकटे मूल हे जपानच्या रस्त्यावरचे रोजचे दृश्य. त्यात परक्या माणसाला धाडस दिसते, तिथल्या पालकाला दिसत नाही.

युद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत या वाटेवरची मोठी भीती माणसांची नव्हती, मोटारींची होती. १९५९ मध्ये टोकियोत रस्ता ओलांडताना मुलांना सांभाळण्यासाठी बायका नेमल्या गेल्या. हिरव्या पोशाखावरून लोक त्यांना हिरव्या मावश्या म्हणू लागले. युद्धात नवरा गमावलेल्या बायकांना काम मिळावे, हाही त्यामागचा एक हेतू होता. १९७० मध्ये जपानमध्ये रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे मेली. आजवरचा तो सर्वांत मोठा वार्षिक आकडा. त्या काळात वर्तमानपत्रे या स्थितीला वाहतूक युद्ध म्हणत. पिवळ्या टोप्या, पिवळे झेंडे, पादचारी पूल ही सगळी त्या युद्धाची सामग्री. पुढे मुलांच्या रक्षणासाठी जे झेंडे आणि पाट्या निघाल्या त्यांतल्या अनेकांचा पिवळा रंग आणि त्या हाती धरणारी आयांची फळी याच काळातून आली.

ही फळी उभी करणारी संस्था म्हणजे पालक-शिक्षक संघ. अमेरिकी ताब्याच्या काळात, १९४७ मध्ये, शिक्षण मंत्रालयाने पालक-शिक्षक संघ कसा काढावा याची पुस्तिका शाळांना पाठवली आणि काही वर्षांतच हे संघ जवळपास सगळ्या शाळांत झाले. कल्पना अमेरिकी लोकशाहीची होती. प्रत्यक्षात ते घरी असलेल्या आयांच्या वेळेवर चालले. दुसरा आधार होता वस्तीच्या मंडळांचा. त्यांचा भूतकाळ तितका निरागस नाही. एदो काळात पाच-पाच घरांचे गट एकमेकांच्या वागणुकीला जबाबदार धरले जात. १९४० मध्ये सरकारने शेजारगट सक्तीचे केले. शिधावाटप, हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या कवायती आणि शेजाऱ्यावर पाळत, अशी तिन्ही कामे त्यांच्याकडे होती. १९४७ मध्ये अमेरिकी प्रशासनाने ते बंद केले. ताबा संपल्यावर वस्ती मंडळे ऐच्छिक रूपात परत आली आणि कचरा, जत्रा, रस्त्यावरचे दिवे असल्या कामांना लागली. शेजाऱ्यावर नजर ठेवण्याची सवय शेजारच्या मुलावर लक्ष ठेवण्याकडे वळली, हे या इतिहासातले एक चांगले वळण म्हणावे लागेल. नजरेचा जाच पूर्णपणे गेला असे मात्र नाही.

पाटी लावलेल्या घराची कल्पना जपानच्या आधी उत्तर अमेरिकेत रुजली होती. मुलांच्या खुनांनी हादरलेल्या कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील लंडन शहरात १९६८ मध्ये ‘ब्लॉक पेरेंट’ योजना सुरू झाली आणि पुढे कॅनडाभर पसरली. लाल-पांढरी पाटी, तिच्यावर मोठ्या माणसाने मुलाचा हात धरलेला. तिचा एक नियम मोठा शहाणपणाचा होता: घरात कोणी असेल तेव्हाच पाटी खिडकीत लावायची, बाहेर पडताना काढून ठेवायची. घरातल्या प्रौढांची पोलिसांकडून पडताळणी झाल्याशिवाय पाटी मिळत नसे. मदत करणाऱ्याने मुलाला स्वतःच्या गाडीतून घरी सोडायचे नाही, फक्त योग्य त्या माणसांना बोलवायचे, हाही दंडक होता. अमेरिकेत १९८० मध्ये गुन्हेप्रतिबंधाच्या जाहिरातींसाठी मॅकग्रफ नावाचा रेनकोट घातलेला कुत्रा निर्माण झाला होता. १९८२ पासून युटा राज्यात त्याच्या चित्राची पाटी घरांच्या खिडक्यांत लागू लागली आणि ‘मॅकग्रफ हाउस’चे जाळे देशभर गेले.

जपानमध्ये या प्रकारच्या घरांची सुरुवात १९९६ च्या मार्चमध्ये गिफू प्रांतातल्या कानी या शहरात झाली. कानी हे किसो नदीकाठचे गाव. एदो काळात क्योतो आणि एदो (आजचे टोकियो) यांना जोडणारा नाकासेन्दो हा डोंगरी मार्ग इथल्या इमावातारीजवळ नावेने नदी ओलांडत असे आणि ती नाव प्रवाशांच्या जिवाला घोर लावणारी म्हणून प्रसिद्ध होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागोयात नोकरी करणाऱ्यांची घरे टेकड्यांवर उठली आणि १९८२ मध्ये कानीला शहराचा दर्जा मिळाला. नव्या वसाहतींत माणसे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख नसते. जुन्या खेड्यात कोणत्याही दारात शिरलेल्या मुलाला ‘तू अमक्याचा ना?’ असे विचारणारे कोणी तरी असे. नव्या वसाहतीत कोणते दार ठोठावायचे ते मुलाला सांगावे लागते. इमावातारी किता प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाने नेमके तेच केले: शाळेच्या वाटेवरची काही घरे ठरवली आणि त्यांच्यावर पाट्या लावल्या. पाटीची गरज पडावी यातच त्या वसाहतीची निम्मी कहाणी येते.

एका शाळेचा हा उपक्रम तेवढ्यावरच राहिला असता. पण १९९७ च्या वसंतात कोबे शहरात मुलांवर हल्ले झाले, दोन मुलांचा जीव गेला, आणि मे महिन्यातल्या खुनाची रीत इतकी भीषण होती की सारा देश हादरला. जूनच्या अखेरीस अटक झाली तेव्हा आरोपी त्याच भागात राहणारा चौदा वर्षांचा मुलगा निघाला. तोवर वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी परक्या, धिप्पाड, काळी गाडी चालवणाऱ्या पुरुषाचा माग काढत होती. योजना मात्र त्या परक्या पुरुषाच्या भीतीवर देशभर पसरली. पोलिसांनी तिला पाठिंबा दिला, शाळांनी याद्या केल्या, नगरपालिकांनी पाट्या छापल्या. काही वर्षांतच ११० क्रमांकाची घरे लाखांत गेली. एका केंद्रीय खात्याने आखलेली ही योजना नव्हती, म्हणून पाटीचे चित्र प्रत्येक प्रांतात, कधी प्रत्येक गावात वेगळे राहिले. कुठे कुत्रा, कुठे पक्षी, कुठे स्थानिक पोलिसांचे बाहुले. सुट्टीत दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाला तिथली पाटी ओळखू येईलच असे नाही, ही उणीव वरवर छोटी वाटते, पण सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने छोटी नाही.

घराने काय करायचे याच्या सूचना पोलिसांच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात. आधी मुलाला आत घ्यायचे आणि आता काळजी नाही हे शांत आवाजात सांगायचे. मग कुठे, केव्हा, कोणी, काय केले ते विचारायचे. माणसाची उंची, कपडे, गाडीचा रंग, क्रमांक, कोणत्या दिशेने गेला हे टिपायचे. मूल रडत असेल तर चौकशीचा भडिमार करायचा नाही. ११० ला फोन करायचा, त्यानंतर घरी आणि शाळेत कळवायचे. पाठलाग करणाऱ्याला पकडायला धावायचे नाही, ही सूचना विशेषतः निवृत्त पुरुषांना पुन्हापुन्हा द्यावी लागते. घुसलेल्या माणसाने मोडतोड केली किंवा घरातल्या कुणाला इजा केली तर काय, या प्रश्नावर काही नगरपालिकांनी विमा काढला. मुलांकडूनही तयारी करून घेतली जाते. वर्षातून एखाद्या दिवशी धावत जाऊन दार ठोठावण्याचा सराव होतो किंवा सगळी घरे फिरून शिक्के गोळा करण्याचा खेळ ठेवला जातो. हा खेळ सरावापेक्षा महत्त्वाचा. घाबरलेले मूल पाटी वाचत नाही, ते ओळखीच्या दाराकडे धावते. आणि आत येणारे प्रत्येक मूल कुणापासून पळत आलेले असते असेही नाही. किल्ली हरवलेले, कुत्र्याला घाबरलेले, पडून गुडघा फोडून घेतलेले, पोटात कळ आलेले मूलही त्याच दाराशी येते. कागदोपत्री या घराचा संबंध गुन्ह्याशी आहे. रोजच्या व्यवहारात ते कधीच्या काळच्या शेजाऱ्याचे काम करते.

२००१ च्या जूनमध्ये ओसाका प्रांतातल्या इकेदा इथल्या एका प्राथमिक शाळेत घुसून एका माणसाने आठ मुलांना ठार केले. त्यानंतर शाळांनी फाटके बंद केली, रखवालदार ठेवले. मग नोव्हेंबर २००४ मध्ये नारा इथे, नोव्हेंबर २००५ मध्ये हिरोशिमात आणि डिसेंबर २००५ मध्ये तोचिगी प्रांतात प्रत्येकी एका मुलीचा खून झाला. तिघीही पहिलीतल्या, तिघीही शाळेतून घरी निघालेल्या. शाळेच्या आत जी सुरक्षा वाढली होती ती फाटकाशी संपत होती. याच काळात स्वयंसेवकांच्या गाड्यांना निळे फिरते दिवे लावून गस्त घालायची परवानगी मिळाली, मुलांच्या दप्तराला कर्कश आवाज करणारी घंटी लटकू लागली, आणि मार्च २००६ मध्ये एका मोठ्या दूरसंचार कंपनीने मुलांसाठी खास मोबाइल फोन बाजारात आणला. टोकियो पोलिसांनी पाच सूचना एका खाद्यपदार्थाच्या नावात गुंफल्या: जाऊ नको, गाडीत बसू नको, मोठ्याने ओरड, लगेच पळ, मोठ्यांना सांग. जपानी मुलांना ती यादी आजही तोंडपाठ असते.

घरांचे जाळे या काळात दुसऱ्या दिशेनेही पसरले. टपाल कचेऱ्या, पेट्रोल पंप, न्हाव्याची दुकाने, टॅक्सी यांच्यावर तीच पाटी आली. २००५ पासून रेल्वे कंपन्यांनी स्थानकांवर ती लावली. त्याच वर्षी चोवीस तास चालणाऱ्या छोट्या किराणा दुकानांच्या कंपन्यांनी देशभर ‘सेफ्टी स्टेशन’ हा उपक्रम सुरू केला: मुलाला, पाठलाग होत असलेल्या बाईला, वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला दुकानात आसरा द्यायचा आणि पोलिसांना कळवायचे. अशी दुकाने आता पन्नास हजारांवर आहेत. हा विस्तार उदारतेचा म्हणून कौतुकाने सांगितला जातो. त्याचे दुसरे कारण साधे आहे: दुकान दुपारी उघडे असते, आणि घर तसे राहिले नव्हते.

१९८० मध्ये जपानमध्ये नोकरदार नवरा आणि गृहिणी अशी सुमारे १ कोटी ११ लाख कुटुंबे होती, नवरा-बायको दोघेही कमावतात अशी सुमारे ६१ लाख. नव्वदच्या दशकात दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले आणि १९९७ पासून दोघे कमावणारी कुटुंबे कायमची पुढे गेली. आता ती दुपटीहून अधिक आहेत. म्हणजे कोबेच्या धक्क्याने ज्या वर्षी घराघरावर पाटी लागत होती, त्याच वर्षी त्या घरातली बाई दुपारी कामावर असण्याकडे पारडे झुकले. कॅनडाप्रमाणे पाटी काढ-घाल करण्याची पद्धत जपानमध्ये नव्हती. पाटी फाटकाला कायमची बांधलेली. दाराआड कोणी आहे की नाही हे ती सांगत नाही. त्यामुळे भार निवृत्तांवर गेला. १९९६-९७ मध्ये साठीत असलेल्यांनी घेतलेली पाटी वीस वर्षांनी ऐंशीतल्या जोडप्याच्या दारावर, किंवा रिकाम्या घराच्या दारावर, उन्हाने फिकी होऊन राहिली. मुलेही कमी झाली. प्राथमिक शाळेतल्या मुलांची संख्या १९८१ मध्ये १ कोटी १९ लाख होती, २०२३ पर्यंत ती साधारण निम्मी झाली. शाळा बंद करून एकत्र केल्या की वाट लांबते आणि वाटेवर सोबतीला मुले उरत नाहीत. १९८४ मध्ये देशात सार्वजनिक फोन ९ लाखांहून अधिक होते, तेही भराभर काढले गेले. २००५ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर घरांची नावे-पत्ते छापलेली यादी वाटायची की नाही याविषयीही शाळा बिचकू लागल्या.

योजनेवरचा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ती परक्या माणसाची भीती धरून उभी आहे. कोबेतला मुलगा परका नव्हता. मार्च २०१७ मध्ये चिबा प्रांतातल्या मात्सुदो शहरात शाळेला निघालेल्या नऊ वर्षांच्या, व्हिएतनामी आईवडिलांच्या मुलीचा खून झाला. शिक्षा झाली ती तिच्याच शाळेच्या पालक संघटनेच्या अध्यक्षाला, जो सकाळी रस्त्यावर उभा राहून मुलांवर लक्ष ठेवत असे. त्याला जन्मठेप झाली. मे २०१८ मध्ये निइगाता इथे दुसरीतल्या मुलीचा बळी घेणाराही तिच्याच परिसरात राहणारा निघाला. मुलांना ‘अनोळखी माणसापासून दूर राहा’ असे शिकवणे आणि त्याच वेळी पाटी असलेल्या अनोळखी घरात शिर असे सांगणे, यातली विसंगती शिक्षकांना आधीपासून जाणवत होती. मात्सुदोनंतर ती दडवता येईना. आणि ज्या मुलाला घरातच मार बसतो त्याच्यासाठी ही पाटी नव्हतीच. रस्त्यावरून घराकडे पळण्याची सोय तिच्यात होती, घरातून बाहेर पळण्याची नव्हती. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरी १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ प्लेस’ योजनेने ही दुसरी बाजू धरली. ग्रंथालये, अग्निशमन केंद्रे, दुकाने यांच्यावर पिवळ्या चौकोनाची पाटी असते आणि घर सोडून आलेल्या किशोरवयीन मुलांना तिथून आश्रयगृहापर्यंत पोहोचवले जाते.

खासगी घरापेक्षा सार्वजनिक जागा हा कल इतरत्रही दिसतो. दक्षिण कोरियात दोन शाळकरी मुलींच्या खुनानंतर एप्रिल २००८ मध्ये पोलिसांनी अशीच योजना काढली, ती सुरुवातीपासूनच शाळेजवळची औषधाची, वह्या-पुस्तकांची आणि किराणा मालाची दुकाने धरून. अमेरिकेतले ‘मॅकग्रफ हाउस’चे जाळे २०१२ मध्ये अधिकृतपणे बंद करण्यात आले. मुलांच्या हाती मोबाइल आला होता आणि खिडकीत पाटी लावणारी घरे उरली नव्हती. कॅनडात काही शहरांत योजना चालू राहिली, काही ठिकाणी स्वयंसेवकांअभावी थांबली.

जपानने ती बंद केली नाही. निइगाताच्या घटनेनंतर २२ जून २०१८ रोजी मंत्र्यांच्या बैठकीत शाळेच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरील सुरक्षेचा आराखडा संमत झाला. तेरा वर्षांखालील मुलांवरचे गुन्हे दुपारी तीन ते सहा या वेळात अधिक घडतात, स्वयंसेवक म्हातारे झाले आहेत, आईवडील दोघे कामावर असतात, आणि म्हणून कोणाचीच नजर नसलेले टप्पे वाटेवर तयार झाले आहेत, हे त्यात स्पष्ट नोंदवले गेले. उपाय म्हणून शाळा, पोलीस आणि नगरपालिका यांनी मिळून वाटेची पाहणी करायची ठरले. शिवाय ज्यांना दुपारी ठरावीक जागी उभे राहणे जमत नाही त्यांनी आपले काम करता करता लक्ष ठेवावे, असे आवाहन झाले: कुत्र्याला फिरवणाऱ्यांनी ती वेळ मुलांच्या सुटण्याशी जुळवावी, झाडांना पाणी घालायचे ते तीननंतर घालावे, सामान पोहोचवणाऱ्या गाड्यांवर पाटी लावावी. अनेक नगरपालिकांनी ११० क्रमांकाच्या घरांची ठरावीक काळाने फेरनोंदणी सुरू केली. पत्र पाठवून किंवा दारी जाऊन घरमालक अजून तिथेच राहतो का, दुपारी घरी असतो का, पाटी ठेवायची आहे का, हे विचारले जाते. नकार आला किंवा घर रिकामे आढळले की पाटी उतरवतात आणि शाळेच्या नकाशावरून ते घर वगळतात.